मागं काही नाही

"रांग सोड, भूपाल. रक्त काढायचे धंदे आहेत हे सगळे," असं म्हणून रंगरावनं माझं कोपर धरलं आणि मला बाहेर ओढलं.

माझ्या पुढं चारच माणसं उरली होती. डेपोच्या विश्रांतीगृहात आम्हा निवृत्त लोकांसाठी शिबिर लावलं होतं. 'पन्नाशीपुढील पुरुषांसाठी लघवीच्या तक्रारींची मोफत तपासणी' असं फाटकावर भलंमोठं लिहिलेलं. ते वाचून निम्मे गडी फाटकातूनच माघारी फिरले होते. आम्ही जे उभे होतो ते एकमेकांच्या तोंडाकडं न बघता वरच्या पंख्याकडं बघत होतो.

"आलोय तर दाखवून घेऊ की," मी म्हणालो.

"काय दाखवणार? वय झालं की धार बारीक होतीच. जन्मभर स्टेअरिंगवर दाबून बसलास, आता ते सूड उगवतंय."

"अरे, रात्रीतनं सारखा उठतोय. पद्मा म्हणती, तुमचं अंथरूण आता मोरीतच घालते."

रांगेतले दोघं खुसखुसले. रंगराव हसला नाही. तो आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होता. दार अर्धं उघडं होतं, आत टेबलाशी एक टकले डॉक्टर बसले होते. रंगरावच्या गळ्यात ओला पंचा असायचा. त्यानं तो तोंड पुसायला वर घेतला आणि पुसून झाल्यावरही तोंडावर तसाच धरून ठेवला.

"चल," पंच्यातनंच म्हणाला. "गोखरूचा काढा देतो तुला. माझ्या मामाला त्यानंच गुण आला. आधी चहा घेऊ."

मी गेलो. का गेलो म्हणाल, तर रंगराव म्हणाला म्हणून गेलो.

आता हे कुणाला पटायचं नाही, तेव्हा आमचं आधी सांगायला पाहिजे. मी भूपाल चौगुले, एसटीचा ड्रायव्हर. रंगराव थोरवत माझा कंडक्टर. नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. वाहतूक नियंत्रकाला सुद्धा माहीत होतं, चौगुलेला दुसरा कंडक्टर दिला तर तो सकाळपासून तोंड पाडून बसतो. डोंगरातल्या गावांना मुक्कामाची गाडी असायची. गावात शेवटाला वळायला जागा नसायची, गाडी मागं घेतच आणायला लागायची. एका गावात तर एका अंगाला पडका बांध आणि दुसऱ्या अंगाला उघडी विहीर. तिथं रंगराव खाली उतरायचा, मागं जाऊन उभा राहायचा, पत्र्यावर थाप मारायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "मागं काही नाही. येऊ दे, येऊ दे."

मी येऊ द्यायचो. आरशात बघायचो नाही. बाकीचे ड्रायव्हर मला खुळ्यात काढायचे. "अरे, कंडक्टरनं सांगितलं तरी आपला डोळा आरशात पाहिजे," म्हणायचे. मी म्हणायचो, आरसा फुटतो, रंगरावचा आवाज फुटत नाही. आणि खरं सांगतो, एवढ्या वर्षांत चाकाखाली साधा दगड आला नाही.

गडी होताही रुबाबदार. मिशा अशा, की थांब्यावरच्या म्हाताऱ्या त्याला पोलीस समजून उठून उभ्या राहायच्या. तोंडाचा मात्र फाटका. कुणाला काय नाव ठेवील याचा नेम नाही. आमच्या वर्कशॉपातल्या लाड मेकॅनिकला ह्याच जागचा आजार झाला. ऑपरेशन करून त्याची अंडं काढली, तर रंगरावनं त्याचं नाव 'लाडमावशी' पाडलं. ते असं चिकटलं की लाड पेन्शनरांच्या बैठकीला यायचा बंद झाला. पुढं बाजारातही दिसंना. सगळा डेपो त्या नावाला हसत होता.

तर शिबिर झालं आणि मी काढा सुरू केला. रंगराव दर आठवड्याला गोखरू स्वतः आणून द्यायचा. पाटावर बसून पद्माला सांगायचा, "वहिनी, एवढं पाणी घाला, निम्मं होईस्तोवर आटवा." पद्मा माझी बायको. तिला त्या काढ्याचा वास सोसायचा नाही, पण भावजींनी आणलाय म्हणून उकळायची.

"गुण वाटतोय का?" तो विचारायचा.

"वाटतोय थोडा," मी म्हणायचो. वाटत काही नव्हतं. एवढ्या लांबनं आणतोय, त्याचं मन कशाला मोडा.

त्याच काळात त्याचंही जरा बिनसलेलं होतं. मी थट्टा करायचो, पण मला कशाचाच पत्ता नव्हता. शिबिराच्या आदल्या वर्षी तो मिरजेला लेकीकडं दोन महिने राहून आला होता. मोतीबिंदू काढला म्हणाला. काळा चष्मा लावून आला, आणि पुढं उन्हात, सावलीत, लग्नात, मयतीत तो चष्मा काही उतरला नाही.

"मोतीबिंदूला दोन महिने लागतात होय रे?"

"दोन्ही डोळे होते," तो म्हणाला.

नंतर गळ्यात तो ओला पंचा आला. ऐन थंडीत पारावर बसल्या बसल्या त्याला घामाच्या धारा लागायच्या. आम्ही घोंगड्या पांघरून आणि हा पंच्यानं वारा घेतोय. उन्हाळ्यात सदऱ्याच्या आत जाड बंडी घालायला लागला. मिशाही विरळ झाल्या. "इंदूवहिनींनी उपटल्या काय?" असं मी चारचौघांत विचारलं, तर एरवी दहा शिव्या देणारा माणूस नुसता उठून गेला. आणि दर तीन महिन्यांनी मिरजेला जायचा. नातवाला बघायला, म्हणायचा. मला वाटायचं, बघा, आजोबा असावा तर असा.

शिबिरानंतरचं दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा माझी कंबर धरली. एसटीच्या ड्रायव्हरची कंबर दुखणारच, म्हणून मी तेल चोळून घेत होतो. मग एक दिवस लघवीतनं रक्त गेलं. मोरीतलं ते पद्मानं बघितलं आणि मला एक शब्द न विचारता पुण्याला पोराला फोन लावला. आमचा अभिनंदन रजा काढून आला, मला मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं, गाठीचे तुकडे काढले, हाडांचा फोटो काढला. त्या चार-पाच फेऱ्यांत रंगराव एकदाही आला नाही. कधी त्याचा पाय दुखे, कधी घरी पाहुणे. मिरजेला कशाला, सांगलीला चांगला डॉक्टर आहे, असं मात्र दोनदा सांगून गेला.

निकाल सांगायच्या दिवशी पोराची रजा संपली होती. मी म्हणालो, मी एकटा जातो, घरची जीप आहे. पद्मा सरळ रंगरावच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, यांच्यासंगं तुम्ही जावा. माझं तिथं काळीज थाऱ्यावर राहायचं नाही. तुम्ही असला म्हणजे मला घोर नाही."

तो आला. वाटभर बाहेर बघत बसला. दवाखान्याच्या मागं गाड्या लावायची चिंचोळी बोळवजा जागा होती, तिथं मी जीप नाकासमोर घातली. "तू जाऊन ये, मी गाडीत बसतो," रंगराव म्हणाला. काळा चष्मा लावलेलाच होता.

"अरे, बसतो काय? आत चल."

"मला दवाखान्याचा वास सोसत नाही."

मी एकटाच आत गेलो. नंबर आला. डॉक्टर मगदूम म्हणून होते. टक्कल बघून मला कुठंतरी बघितल्यासारखं वाटलं, पण आठवेना. माणूस मात्र भला. कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, "मूत्राशयाच्या खाली ही प्रोस्टेटची गाठ, सगळ्या पुरुषांना असते. वयानं ती वाढते, बऱ्याच जणांची नुसतीच वाढते, त्यात भिण्यासारखं नसतं. तुमच्यात कॅन्सर आहे. आणि तो गाठीतनं बाहेर पडून कमरेच्या हाडात गेलाय."

"मग काढून टाका."

"आता काढून उपयोग नाही, काका. पण रोखून धरता येतो. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या. कितीतरी लोक त्यावर वर्षानुवर्षं हिंडतात, फिरतात. घाम येईल, अंगात वाफा आल्यासारखं होईल, छाती जरा भरल्यासारखी वाटेल. त्याला घाबरायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "भाऊ आहे का तुम्हाला?"

"धाकटा आहे. आणि मुलगा."

"भावाला लगेच रक्त तपासायला सांगा. मुलाला पंचेचाळिशीनंतर. घरात एकाला असला की दुसऱ्याला धोका जास्त. हे लपवायचं नाही, एवढंच ह्यात आपल्या हातात असतं."

मी मान डोलावत होतो. घाम, वाफा, छाती भरणं, हे सगळं कानावर पडत होतं, पण माझं डोकं कमरेच्या हाडापाशीच अडकलं होतं. डॉक्टरांना ते दिसलं असावं. "सोबत कोण आहे? त्यांना बोलवा, समजावून सांगतो," म्हणाले आणि सिस्टरला पाठवलं. मी सांगितलं, मागं जीपमध्ये माझा दोस्त आहे, काळा चष्मा.

सिस्टर त्याला घेऊन आली ती बोलत बोलतच. जाड, हसतमुख बाई होती, तिच्या मनात काही नव्हतं.

"अहो सर, बघा कोण आहे. आपले थोरवत काका. गाडीत लपून बसले होते. काका, तुमचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात ना? मला वाटलं तारीख चुकून आलात."

रंगराव दारातच उभा राहिला.

"आणि हे तुमचे दोस्त होय?" ती माझ्याकडं वळली. "मग बरं आहे, सोबतीनं येत जावा दोघं. काकांनी दोन महिने रेडिएशनचा शेक घेतला तेव्हा एकटेच यायचे बिचारे. ह्यांच्यामुळं तर सरांनी तुमच्या डेपोत शिबिर घेतलं होतं."

तेव्हा मला ते टक्कल आठवलं. अर्धं उघडं दार आठवलं. तोंडावर धरलेला पंचा आठवला. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली, आणि बसताना माझ्या आतलं काहीतरी मोडत गेली. हाडातल्या कॅन्सरचं ऐकून जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मला रडू आलं.

डॉक्टरांनी सिस्टरला बाहेर जायला खुणावलं. रंगराव तिच्या मागोमाग निघून गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या शिबिरात मी तुमच्यापुढं बसलो असतो तर?"

ते म्हणाले, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा कदाचित गाठीतच असता. गाठीत असला की शेक देऊन किंवा ऑपरेशन करून पुरता जाऊ शकतो. पण कदाचित, काका. नक्की नाही."

मी नमस्कार केला आणि बाहेर आलो. इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं, पोटात. आजही घेतो. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, डॉक्टर म्हणाले तसं रोखून धरलंय. भावाला मी त्याच आठवड्यात हाताला धरून नेलं. त्याचं वेळेत सापडलं, तो बरा आहे. पेन्शनरांच्या बैठकीत मी उभं राहून सगळं सांगितलं, कुठं होतं, कसं होतं, काय तपासायचं. कुणी हसलं नाही. मला वाटतं, कुणीतरी आधी बोलायची वाट बघत होते सगळे. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी जीपपाशी आलो तेव्हा रंगराव बॉनेटला टेकून उभा होता. चष्मा हातात होता. त्याचे डोळे मी कितीतरी दिवसांनी बघितले. दोन्ही चांगले स्वच्छ होते, मोतीबिंदू कधी नव्हताच त्यात.

"किती दिवस झाले तुला कळून?" मी विचारलं.

"शिबिराच्या आधी वर्षभर."

"मी तुला सांगितलं होतं, रात्री उठतोय, धार बारीक झाली. तुलाच सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही."

"व्हय."

"तुला पण हेच होत होतं?"

"हेच." त्याचा आवाज बसला होता. "भूपाल, सगळ्यांना कॅन्सर नसतोय रे. माझ्याबरोबर तपासणीला कितीक होते, त्यांची गाठ नुसती वाढलेली निघाली. गोळ्या घेऊन घरी गेले. मला वाटलं, तुझंपण तसलंच असंल."

"वाटलं तुला."

"डॉक्टर म्हणाले होते, डेपोतल्या दोस्तांना घेऊन या. मी म्हणलं, शिबिर लावा, येतील. मला वाटलं बारकी पोरं येतील डॉक्टर म्हणून, हे स्वतः येतील असं वाटलं नाही. दारातनं बघितलं तर हेच. मला बघितलं असतं तर सगळ्यांपुढं विचारलं असतं, काय थोरवत, कसं काय चाललंय. रांगेत सगळा डेपो उभा होता."

"मग?"

"लाडाला काय म्हणत होतो मी? विसरलास?" तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "ते नाव मीच पाडलं होतं. लाड मेला तेव्हा त्याच्या मयतीत सुद्धा मागं कुणीतरी तेच नाव घेतलं, मी ऐकलं. माझं कळलं असतं तर मला सोडलं असतं का? ह्या मिशा गेल्या, छाती बाईसारखी झाली, इंदूच्या बाजूला झोपायची लाज वाटती मला. हे डेपोत कळायचं म्हणजे..."

मला त्याची दया आली नाही असं नाही. आली. पण ती दया कुठं ठेवू ते कळंना, कारण आत दुसरंच काहीतरी भडकलं होतं.

"तुला पळायचं होतं तर पळायचंस," मी म्हणालो. "पोटात कळ आली म्हणायचंस, एसटी चुकती म्हणायचंस. मला कशाला ओढलंस? मला रांगेत सोडून जायचंस. माझ्या पुढं चार माणसं होती, रंगराव."

तो इतक्या साधेपणानं बोलला की त्याला तो काय बोलतोय हे कळत नसावं.

"तुला एकट्याला सोडून कसा जाणार होतो? कधी गेलोय का?"

मी जीपमध्ये चढलो. कंबर अशी ठणकत होती की पायरीवर पाय ठेवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. मागं बोळ, दोन्हीकडं लावलेल्या गाड्या, त्यापलीकडं रस्ता. वळायला जागा नव्हती, मागं घेतच काढायला लागणार होती. मान वळवून बघावं म्हटलं तर कंबर वळंना. जुन्या जीपचा डावा आरसा केव्हाचाच गेलेला. तो कधी बसवून घ्यावासा वाटला नव्हता.

मी गाडी सुरू केली. रंगराव न सांगता मागं गेला. त्याच्या चपलांचा आवाज मी ऐकला, मग पत्र्यावर थाप पडली, ती सुद्धा पूर्वीसारखीच, हाताच्या तळव्यानं.

"मागं काही नाही," तो म्हणाला. आवाज पूर्वीचाच, खणखणीत. "येऊ दे, येऊ दे."

माझा पाय आपोआप क्लचवर गेला होता. हात गिअरवर गेला होता. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाती?

मी गाडी बंद केली. दार उघडून खाली उतरलो. जीपला हात धरत धरत, एकेक पाऊल टाकत मागं गेलो. रंगराव एक हात वर धरून तिथंच उभा होता. मी त्याच्या बाजूनं पुढं गेलो आणि बोळात शेवटपर्यंत नीट बघून घेतलं, गाड्यांच्या खालीसुद्धा वाकून बघितलं.

मागं काही नव्हतं. तो खरं सांगत होता.